भक्तपूरला जायचं ठरवताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काठमांडू खोऱ्याच्या पूर्व भागात वसलेल्या भक्तपूर या नेवार लोकांच्या, म्हणजे खोऱ्यातल्या मूळ रहिवाशांच्या, जुन्या राजधानीविषयी मराठी प्रवाशांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे आणि ते बऱ्याच उत्तरांतून डोकावेल: भक्तपूरला किमान एक रात्र मुक्काम करा. सहलीच्या बसमधून उतरून दोन तासांत फोटो काढून परतणाऱ्यांना वास्तू दिसतात. त्या वास्तूंभोवती चालणारं जगणं मात्र त्यांच्या हाती लागत नाही.

काठमांडू तर पाहणारच आहोत. मग भक्तपूर वेगळं कशासाठी?

काठमांडू, ललितपूर (जुनं नाव पाटण) आणि भक्तपूर ही खोऱ्यातली तीन शहरं एके काळी तीन स्वतंत्र राज्यं होती. १५ व्या शतकात यक्ष मल्ल या राजाने भक्तपुरातून सगळ्या खोऱ्यावर राज्य केलं. त्याच्यानंतर राज्याची वाटणी झाली आणि तिन्ही घराण्यांत चढाओढ सुरू झाली. एकाने उंच देऊळ बांधलं की दुसऱ्याने त्याहून उंच बांधायचं. आज आपण जे पाहायला जातो, त्यातलं बरंचसं या चढाओढीतून उभं राहिलं. १७६८ मध्ये गोरखा राज्याच्या पृथ्वीनारायण शाहने काठमांडू घेतलं, १७६९ मध्ये भक्तपूर पडलं आणि शेवटचा मल्ल राजा रणजित मल्ल काशीला निघून गेला. राजधानी काठमांडूला झाली. सत्ता, पैसा, मोटारी, काँक्रीट सगळं तिकडे गेलं. भक्तपूर बाजूला पडलं, म्हणूनच पुष्कळसं टिकलं.

काठमांडू खोऱ्यातल्या सात स्थळांना मिळून १९७९ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. भक्तपूरचा दरबार चौक त्यांपैकी एक. पण इथे वारसा म्हणजे कुंपणाआडचं स्मारक नाही. विटांच्या गल्लीत म्हाताऱ्या बायका उन्हात बसून लसूण सोलतात, चौकात भात वाळत घातलेला असतो, देवळाच्या पायरीवर शाळेतली मुलं गृहपाठ करतात. राहणारे बहुतेक नेवार. त्यांतले कितीतरी पिढीजात शेतकरी, ज्यांना तिथे ज्यापू म्हणतात.

किती वेळ ठेवावा?

एक रात्र आणि दोन अर्धे दिवस, हे माझ्या मते किमान. दुपारी पोचा, संध्याकाळ टौमढी चौकात काढा आणि पहाटे उठा. सकाळी सात वाजायच्या आत भक्तपूर स्वतःचं असतं. हातात पूजेचं ताट घेतलेल्या बायका एका गणपतीकडून दुसऱ्या देवीकडे निघालेल्या असतात, घंटा वाजत असतात, भाजीवाले चौकात पसरून बसलेले असतात. काठमांडूहून सहलीच्या गाड्या येऊ लागल्या की चेहरा बदलतो आणि दुपारी त्या गेल्या की पुन्हा शांतता येते.

संध्याकाळी रस्त्याकडेच्या एखाद्या उघड्या धर्मशाळेतून ढोलकी-झांजांचा आवाज आला तर थांबा. तिथल्या लोकांच्या भाषेत अशा जागेला फल्चा म्हणतात, नेपाळीत पाटी. तिथे बसून म्हातारी मंडळी दाफा भजन म्हणतात. मल्ल राजांनी रचलेली पदंही त्यांत असतात. तिकीट नाही, मंच नाही, कोणी तुमच्यासाठी गात नाही. कडेला बसून ऐकायला कोणाची हरकत नसते.

महाराष्ट्रातून कसं पोचायचं?

विमानाने काठमांडूचं त्रिभुवन विमानतळ गाठावं. मुंबईहून कधी थेट, नाहीतर दिल्लीमार्गे. भक्तपूर विमानतळाच्या पूर्वेलाच आहे, त्यामुळे काठमांडू शहरात न शिरताही टॅक्सीने थेट जाता येतं आणि मी तेच सुचवीन. रेल्वेने जाणारे बहुतेक जण गोरखपूरला उतरून सुनौलीची सीमा ओलांडतात आणि पलीकडे भैरहवाहून बस धरतात. रात्रभराचा घाटरस्ता आहे. पावसाळ्यात दरड कोसळून तासन्‌तास खोळंबा होतो, तेव्हा त्या दिवसांत हा मार्ग टाळलेला बरा.

काठमांडूहून भक्तपूर साधारण १३ किलोमीटर. बस भरपूर आहेत, गर्दीच्या वेळी उभं राहायची तयारी ठेवा. हा रस्ता अरनिको राजमार्गाचा. अरनिको हा १३ व्या शतकातला नेवार कलावंत. तो कुब्लाई खानाच्या दरबारी गेला आणि बीजिंगचा पांढरा स्तूप त्याने उभारला. राजमार्गाला राजाचं किंवा सेनापतीचं नाव न देता कारागिराचं द्यावं, हे मला फार मोलाचं वाटतं.

पासपोर्ट लागतो का? पैसे कसे न्यावेत?

भारतीय नागरिकांना व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, दोन्हींपैकी एक मूळ प्रत हवी. आधार कार्डावर विमानात बसता येईल असं धरून विमानतळावर जाऊ नका. लहान मुलं आणि ज्येष्ठांसाठी काही सवलती आहेत, त्या निघण्यापूर्वी विमान कंपनीकडून खात्री करून घ्या.

१ भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी रुपये, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. किंमत विचारताना "आयसी की एनसी?" हा प्रश्न विचारायची सवय लावा. आयसी म्हणजे भारतीय चलन, एनसी म्हणजे नेपाळी. मोठ्या भारतीय नोटांचे नियम बदलत आले आहेत, म्हणून १०० च्या आणि त्याहून लहान नोटा जवळ ठेवणं सोयीचं. २०२४ पासून बऱ्याच दुकानांत क्यूआर स्कॅन करून भारतीय यूपीआयनेही पैसे देता येतात, पण कुंभाराकडे, दह्याच्या दुकानात आणि देवळापाशी रोखच कामी येते. आणि घड्याळ १५ मिनिटं पुढे करा.

शहरात शिरायला तिकीट? हे नेमकं काय आहे?

होय, जुन्या शहरात शिरताना परदेशी पाहुण्यांना नगरपालिकेचं तिकीट घ्यावं लागतं. भारतासह सार्क देशांच्या नागरिकांसाठी दर बराच कमी असतो, म्हणून ओळखपत्र हाताशी ठेवा. मुक्काम करणार असाल तर तिकीट घेतानाच सांगा, मुदत वाढवून मिळते. गर्दीत नजर चुकवून आत शिरता येतं असं काही जण अभिमानाने सांगतात. तसं करू नका. गल्ल्यांच्या विटा, तळी, देवळांची डागडुजी यांवर हीच नगरपालिका खर्च करते आणि गेली अनेक वर्षं ती हे काम मनापासून करत आली आहे.

कोणत्या महिन्यात जावं?

ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. पाऊस थांबलेला, आकाश धुतलेलं, उत्तरेला बर्फाची शिखरं दिसतात, भाताची कापणी झालेली असते आणि चौकाचौकांत सोनेरी भात पसरलेला असतो. मार्च-एप्रिलही चांगला, फक्त हवा धुरकट असू शकते. डिसेंबर-जानेवारीत सकाळ-संध्याकाळ कडाक्याची थंडी पडते, दुपार मात्र उबदार. जुन्या घरांतल्या खोल्यांत हीटर नसतो, तेव्हा लोकरी कपडे न्या. जून ते सप्टेंबर पाऊस.

दिवाळीत जाऊ शकलात तर एक गोष्ट जरूर पाहा. आपल्या पाडव्याच्या दिवशी, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, नेवार लोकांचं नवं वर्ष सुरू होतं. इसवी सन ८७९ मध्ये सुरू झालेलं हे नेपाळ संवत. त्या संध्याकाळी घराघरांत म्ह पूजा होते. घरातल्या प्रत्येकासाठी जमिनीवर एकेक मंडल काढतात आणि ज्याने त्याने त्यासमोर बसायचं. पूजा देवाची नसते, आपल्याच देहाची असते. घरगुती विधी आहे, आमंत्रणाशिवाय आत जाऊ नये. पण एखाद्या नेवार कुटुंबाच्या घरात उतरला असाल तर यजमान बहुधा स्वतःच बोलावतील.

दरबार चौकात काय चुकवू नये?

बहुतेकांची नजर पचपन्न झ्याले दरबारावर जाते, म्हणजे ५५ खिडक्यांच्या वाड्यावर. वाड्याची मूळ उभारणी यक्ष मल्लाच्या काळातली मानतात, आजचं रूप १७ व्या-१८ व्या शतकांतल्या भूपतींद्र मल्ल आणि त्याचा मुलगा रणजित मल्ल यांच्या काळातलं. वरच्या मजल्यावर एकाला एक लागून गेलेल्या लाकडी खिडक्यांची ओळ आहे. घाई न करता एकच खिडकी निवडा आणि तिच्याकडे पाच मिनिटं पाहा. चौकट, तिच्या आत दुसरी चौकट, तिच्यावर वेल, वेलीत पक्षी, आणि हे सगळं लाकूड एकमेकांत अडकवून बसवलेलं.

शेजारी सुनढोका आहे, सोन्याचा मुलामा दिलेलं तांब्याचं प्रवेशद्वार. रणजित मल्लाच्या काळातलं. कोरीव तोरणात देवी आणि वर गरुड. समोर दगडी खांबावर भूपतींद्र मल्ल हात जोडून बसला आहे. त्याने स्वतःला सिंहासनावर नव्हे, देवीपुढे नमस्कार करताना घडवून घेतलं, हे लक्षात घ्या.

वाड्याच्या एका भागात राष्ट्रीय कला संग्रहालय आहे. दाराशी हनुमान आणि नरसिंहाच्या मूर्ती आहेत. आत पौभा चित्रं आहेत, म्हणजे कापडावर रंगवलेली नेवार परंपरेतली देवचित्रं. बाजारात थांका, म्हणजे तिबेटी धाटणीची कापडावरची चित्रं, म्हणून जे विकतात, ते घेण्याआधी हे पाहून घ्या. नजर तयार होते.

चौक तुम्हाला जरा मोकळा वाटेल. त्याचं कारण दुःखद आहे. १९३४ च्या भूकंपाआधी इथे देवळांची दाटी होती आणि वाड्याला ९९ चौक होते असं सांगतात. आज त्यांतले मोजकेच उरलेत.

तिथली तलेजू म्हणजे आपली तुळजाभवानी का?

हा प्रश्न मराठी माणूस विचारतोच, आणि विचारण्याजोगाच आहे. तलेजू भवानी ही मल्ल राजांची कुलदेवता. तिन्ही राजधान्यांत तिची देवळं आहेत आणि भक्तपूरचं सुनढोक्याच्या आत आहे. परंपरा सांगते की १४ व्या शतकात मिथिलेच्या सिम्रौनगढचं कर्नाट घराणं दिल्लीच्या सुलतानी फौजेपुढे हरलं, राजा हरिसिंहदेवाचा परिवार खोऱ्यात आश्रयाला आला आणि देवी त्यांच्याबरोबर आली. हे कर्नाट घराणं आपलं मूळ दक्षिणेत, कर्नाटकात सांगत असे. त्यामुळे तुळजापूरशी नातं जोडणारी मांडणी झालेली आहे. मांडणी आकर्षक आहे, पण ती सिद्ध झालेली गोष्ट म्हणून घरी येऊन सांगू नये. नावातलं साम्य, राजघराण्याची कुलदेवता असणं आणि दक्षिणेकडे जाणारा धागा, एवढं खरं आहे. हात जोडायला तेवढं पुरे.

तलेजूच्या आतल्या चौकात फक्त हिंदूंना प्रवेश आहे आणि तिथे फोटो काढायला सक्त मनाई आहे. गाभाऱ्यात तर दीक्षित पुजाऱ्यांखेरीज कोणीच जात नाही.

न्यातपोल देऊळ एवढं प्रसिद्ध का?

टौमढी चौकातलं हे पाच छपरांचं देऊळ भूपतींद्र मल्लाने १७०२ मध्ये बांधलं. उंची सुमारे ३० मीटर. पाच चढत्या जोत्यांवर ते उभं आहे आणि पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक जोत्यावर राखणदारांची जोडी आहे. सगळ्यांत खाली जयमेल आणि फत्ता हे पैलवान, ज्यांच्यात दहा माणसांचं बळ होतं असं मानतात. वर हत्ती, त्यांच्यावर सिंह, मग शार्दूल आणि शेवटी व्याघ्रिणी आणि सिंहिणी या देवी. प्रत्येक जोडी खालच्या जोडीच्या दहापट बलवान. या हिशेबाने वर चढत गेलात की आतल्या देवीच्या सामर्थ्याची कल्पना येते.

आत सिद्धिलक्ष्मी आहे. तिचं दर्शन पुजाऱ्यांखेरीज कोणालाही मिळत नाही. "मग वर चढून काय करायचं?" असं विचारणारे भेटतात. वर चढा, बंद दाराला नमस्कार करा, मागे वळा आणि बसा. खाली सगळा चौक, छपरांमागे छपरं, आणि आकाश साफ असेल तर त्यापलीकडे डोंगर. तिथे बसून राहण्यासारखं दुसरं काही सुख नाही.

शेजारचं आडवं, भारदस्त देऊळ भैरवनाथाचं. चौकात कडेला लाकडी चाकं पडलेली दिसतील. ती अडगळ नाही, एप्रिलमधल्या बिस्का जात्रेच्या रथाची आहेत.

भक्तपूरमध्ये दत्ताचं देऊळ आहे हे खरं का?

खरं आहे, आणि मराठी माणसाने भक्तपूरला जाण्याचं हे एक स्वतंत्र कारण आहे. तचपाल टोल हा शहराच्या पूर्वेकडचा, सगळ्यांत जुना भाग. तिथे चौकाच्या टोकाला दत्तात्रेयाचं तीन मजली देऊळ आहे. यक्ष मल्लाच्या काळात, १५ व्या शतकात उभारलेलं. एकाच झाडाच्या लाकडातून ते बांधलं अशी आख्यायिका आहे. मुळात साधू-बैरागी उतरत अशी ही वास्तू होती, त्यामुळे तिची घडण इतर देवळांहून वेगळी आहे. पुढे काढलेला सज्जा मागाहूनचा. दाराशी न्यातपोलचेच दोन पैलवान राखण करतात आणि समोर खांबावर गरुड आहे.

आपल्याकडे वाडी, औदुंबर, गाणगापूर ही पादुकांची ठाणी. दत्त म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गाय, चार श्वान आणि औदुंबराचा पार येतो. इथे समोर येते विटा-लाकडाची भव्य वास्तू, पागोड्यासारखं छप्पर, आणि नावाची तीच ओळख. नेपाळात दत्ताची स्वतंत्र देवळं फार विरळा. गुरुवारी जाता आलं तर पाहा. महाशिवरात्रीला साधूंची गर्दी होते.

देवळाच्या बाजूला पुजारी मठ आहे, आता काष्ठकला संग्रहालय. त्याच्या बाजूच्या अरुंद गल्लीत भक्तपूरची सुप्रसिद्ध मयूर खिडकी आहे: मध्ये पिसारा फुलवलेला मोर आणि चौकटीवर चहूबाजूंनी लहान पक्षी. गल्ली इतकी चिंचोळी की समोरच्या भिंतीला पाठ टेकल्याशिवाय पूर्ण दिसत नाही. समोरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर जाऊन फोटो काढता येतो, पण काही घ्यायचं नसेल तर चढू नका, हा साधा शिष्टाचार.

२०१५ च्या भूकंपात सगळं गेलं ना?

सगळं गेलं नाही. २५ एप्रिल २०१५ चा ७.८ तीव्रतेचा भूकंप भयंकर होता. भक्तपूरमध्ये शेकडो माणसं गेली, जुन्या वस्त्यांतली घरं ओळीने कोसळली, दरबार चौकातलं वत्सला दुर्गेचं दगडी देऊळ पार भुईसपाट झालं. न्यातपोल मात्र उभं राहिलं. १९३४ च्या मोठ्या भूकंपातही त्याच्या वरच्या भागालाच काय ते नुकसान झालं होतं. रुंद जोतं, चढत जाताना हलका होणारा भार, आणि विटांच्या भिंतीत गुंफलेलं, खुंट्यांनी जोडलेलं, हलायला थोडी मोकळीक असलेलं लाकूड, यांत त्याच्या टिकावाचं रहस्य आहे.

पुनर्बांधणी कशी झाली, हे मला भक्तपूरमधलं सगळ्यांत पाहण्यासारखं वाटतं. नगरपालिकेने बरीच कामं मोठ्या ठेकेदाराला न देता त्या त्या वस्तीतल्या लोकांच्या उपभोक्ता समित्यांकडे सोपवली. सुतार, पाथरवट, वीटकाम करणारे स्थानिक. सिमेंटऐवजी माती-चुना, आणि दर्शनी भागाला जुन्या पद्धतीची गुळगुळीत वीट, जिला तिथे दाची अपा म्हणतात. सकाळी एखाद्या गल्लीत छिन्नीचा आवाज ऐकू आला तर आत डोकवा. टुंडाल, म्हणजे छपराला आधार देणारा तिरपा कोरीव खांब, घडताना पाहायला मिळू शकतो. वत्सलेचं देऊळ पुन्हा उभं राहिलं आहे.

बिस्का जात्रा पाहायला जावं का? मुलांना नेलं तर चालेल?

जावं. विक्रम संवताच्या हिशेबाने नेपाळी नवं वर्ष एप्रिलच्या मध्याला लागतं. त्याच्या आगेमागे आठ रात्री-नऊ दिवस ही जात्रा चालते. टौमढी चौकात भैरवनाथाचा तीन मजली लाकडी रथ उभा राहतो आणि पहिल्या दिवशी वरच्या वस्तीचे आणि खालच्या वस्तीचे लोक जाडजूड दोर धरून तो आपापल्या बाजूला ओढतात. ज्यांच्याकडे रथ गेला त्यांचं वर्ष भाग्याचं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी लिंग म्हणून ओळखला जाणारा प्रचंड लाकडी खांब उभारतात. त्यावर दोन लांब पताका सोडलेल्या असतात, त्या एका राजकन्येच्या नाकातून रात्री बाहेर पडणाऱ्या आणि तिच्या वरांचा जीव घेणाऱ्या दोन नागांच्या, अशी कथा आहे. दुसऱ्या दिवशी खांब पाडला की नवं वर्ष सुरू.

मुलांना न्या, पण दोराजवळ नाही. रथ अवजड असतो, अचानक वळतो, चाकाखाली सापडून माणसं दगावल्याचे प्रसंग घडले आहेत. चौकालगतच्या एखाद्या घराच्या किंवा हॉटेलच्या गच्चीवर जागा आधीच ठरवून ठेवा. याच दिवसांत वाटेवरच्या थिमी गावात सिंदूर जात्रा असते, सगळं गाव केशरी होऊन जातं. जवळच्या बोडे गावी जीभ टोचून घेण्याचं व्रत होतं. ते सगळ्यांना झेपेलच असं नाही.

जात्रा नसेल तेव्हा काही सांस्कृतिक पाहायला मिळतं का?

भक्तपूरमध्ये सण नसलेला आठवडा सापडणं कठीण. राखी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गाईजात्रा असते. वर्षभरात ज्यांच्या घरी मृत्यू झाला, ती कुटुंबं बांबू आणि कापडाची उंच आकृती करून, तिला गेलेल्या माणसाचा फोटो लावून शहरभर मिरवतात. तिच्यामागे पोरं-थोरं काठ्या वाजवत घिंताङ घिसी नाचतात. शोकाला शहराने सगळ्यांचं करून टाकण्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. तिथे हसणं, वाजवणं, नाचणं पाहून गोंधळू नका आणि रडणाऱ्या माणसाच्या तोंडावर कॅमेरा धरू नका.

दशैंच्या सुमारास, म्हणजे आपल्या नवरात्रात, नवदुर्गांचे मुखवटे घालून नाचणाऱ्यांचं वर्ष सुरू होतं. ते महिनोन्‌महिने वस्त्यावस्त्यांतून नाचतात. मुखवटे दरवर्षी नव्याने घडवतात आणि हंगाम संपला की त्यांचा अंत्यविधी करतात.

काय खावं? शाकाहारी माणसाचं काय?

आधी जुजु धौ. म्हशीच्या दुधाचं, मातीच्या पसरट भांड्यात विरजलेलं, किंचित गोड, घट्ट दही. नावाचा अर्थच दह्यांचा राजा. मातीचं भांडं पाणी शोषतं म्हणून ते इतकं घट्ट लागतं. प्लॅस्टिकच्या डब्यातलं घेऊ नका. मातीच्या लहान भांड्यातलं घ्या आणि तिथेच बाकावर बसून खा.

बारा ही उडदाच्या किंवा मुगाच्या वाटलेल्या डाळीची जाड धिरडी, चटामरी ही तांदळाच्या पिठाची पातळ. दोन्हींवर अंडं किंवा खिमा घालतात, तेव्हा आधीच "सादा" म्हणून सांगा. समय बजी हे नेवार मेजवानीचं ताट: चिवडा म्हणजे कोरडे पोहे, काळे सोयाबीन, आलं, बटाटा आणि मांस. मांस काढून द्यायला सांगता येतं. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास गेलात तर योमरी मिळेल. तांदळाच्या पिठाची निमुळती पारी, आत चाकू नावाचा उसाच्या रसाचा घट्ट गूळ आणि तीळ, आणि वाफवलेली. उकडीच्या मोदकाची सख्खी बहीणच. एक खाऊन कोणी थांबत नाही.

मेन्यूवर "बफ" दिसेल. ते म्हशीचं मांस, नेवार स्वयंपाकात सर्रास वापरतात. नेपाळात गोहत्येला कायद्याने बंदी आहे. मोमो मागवताना भेज की बफ हे स्पष्ट करा. अन्यथा डाळ-भात-तरकारी कुठेही मिळते, पुन्हा पुन्हा वाढतात आणि पोट सांभाळतं.

खरेदी काय करावी?

कुंभारांच्या चौकात, टौमढीपासून हाकेच्या अंतरावर, शेकडो मडकी उन्हात वाळत असतात आणि कडेला भाताच्या पेंढ्याखाली भट्टी धुमसत असते. मातीच्या पणत्या, लहान हत्ती, दह्याची भांडी घ्या. फार घासाघीस करू नका, वस्तू मुळातच स्वस्त आहेत. भादगाउँले टोपी, म्हणजे भक्तपूरची काळी टोपी, आणि बायकांसाठी हाकु पटासीचं काळं, लाल काठाचं हातमागाचं कापड इथलंच. लोकता झुडपाच्या सालीपासून केलेला हातकागदही चांगला मिळतो.

चित्रांच्या बाबतीत जपून. "आमच्या शाळेत चला, नुसतं बघा" म्हणत कोणी गल्लीतून घेऊन गेलं तर जायला हरकत नाही, पण पहिल्याच दुकानात मोठी रक्कम मोजू नका. दोन-तीन ठिकाणी तेच चित्र, तोच आकार विचारून पाहा.

आसपास काय आहे?

चाँगुनारायण, नक्की. भक्तपूरच्या उत्तरेला टेकडीवरचं विष्णूचं देऊळ, तेही त्या सात वारसास्थळांपैकी. आवारात राजा मानदेवाचा इसवी सन ४६४ चा शिलालेख आहे. मल्लांच्या आधीच्या लिच्छवी राजांच्या काळातली विश्वरूप आणि त्रिविक्रमाची शिल्पं इथे उघड्यावर, हाताच्या अंतरावर आहेत. हात लावू नका, एवढीच विनंती. गरुडावर बसलेला विष्णू पाहिल्यासारखा वाटला तर नेपाळी १० रुपयांची नोट काढून बघा. धडधाकट असाल तर चढताना गाडी आणि उतरताना पायवाट असं करा.

शहराच्या दक्षिणेला सूर्यविनायक. खोऱ्यात चार विनायकांची यात्रा आहे, त्यांतला हा एक. सूर्याची पहिली किरणं मूर्तीवर पडावीत अशी जागा आहे, म्हणून पहाटे जायचं. अष्टविनायक केलेल्या आई-वडिलांना ही जागा मनापासून आवडते. सूर्योदयाला हिमशिखरांसाठी नगरकोटला जातात. हवा साफ असेल तरच जा, आणि ते आदल्या संध्याकाळी विचारून ठरवा.

पशुपतिनाथ विमानतळाजवळच आहे. येतानाच्या किंवा परतीच्या दिवशी ते बसवता येतं. चामड्याच्या वस्तू आत नेता येत नाहीत.

आई-बाबा सत्तरीचे आहेत. झेपेल?

उंचीचा त्रास होत नाही. भक्तपूर सुमारे १,४०० मीटरवर आहे, महाबळेश्वरही साधारण एवढंच. अडचण गुडघ्यांची आहे. रस्ते विटांचे, उंचसखल, पाऊस झाला की निसरडे. जुन्या घरांतले जिने अरुंद आणि उभे, दारं ठेंगणी. खोली ठरवताना तळमजल्याची किंवा पहिल्या मजल्याची मागा आणि गाडी कुठपर्यंत येते ते विचारून घ्या, कारण गाभ्यातल्या चौकांत वाहनांना मज्जाव आहे. न्यातपोलच्या पायऱ्या त्यांना चढवू नका, खालूनही देऊळ तितकंच सुंदर दिसतं. तचपालपर्यंतचा रस्ता सौम्य चढाचा आहे, मध्ये बसायला फल्चा लागतातच.

पाणी, सिम, भाषा?

पाणी बाटलीचं किंवा उकळलेलं. सिम विमानतळावरच घ्या, ओळखपत्र आणि फोटो लागतो. हिंदी सगळीकडे कळते. पाट्या देवनागरीत असल्याने वाचता येतात. म्हाताऱ्या नेवार मंडळींशी "ज्वजलपा" म्हणून हात जोडलेत तर चेहरा खुलतो. देवळाच्या उंबऱ्यावर बसू नका, वाळत घातलेल्या धान्यावरून चालू नका आणि शनिवारी नेपाळात सुट्टी असते, तेव्हा बँकेची किंवा कार्यालयाची कामं त्या दिवशी ठेवू नका.